चष्म्याच्या डबीतला बाण

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. बूट शिवण्याच्या एका लहानशा दुकानात, कामाच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात, पुठ्ठ्याच्या डबीत माझा मुक्काम असतो. डबीवर जाड अक्षरांत लिहिलं आहे, 'हिला पुन्हा लावू नये.' आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की त्यांचा गळा दाटून येतो, असं मी ऐकून आहे. माझा येत नाही. मला राग आलेला आहे, आणि तो गिळून गोड बोलणं माझ्याच्याने होणार नाही. ऐकायचं असेल तर असंच ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायची, फक्त डोळे उघडे. माझ्या पोटात त्यांनी दोन चकचकीत तबकड्या बसवल्या. त्या मिनिटाला सात हजार दोनशे वेळा फिरतात, आणि त्यांच्यावरून केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर राखून एक बारीक हात धावत असतो. तोच लिहितो, तोच वाचतो. धुळीचा एक कण आत गेला तरी मला तो धोंडा. म्हणून माझं झाकण ताऱ्याच्या आकाराच्या स्क्रूंनी घट्ट लावलं, आणि तपासणाऱ्या बाईंनी माझ्या नावापुढे 'उत्तम' असा शेरा मारला. तो शेरा लक्षात ठेवा. पुढे माझ्याबद्दल बरंच वाईटसाईट बोललं गेलं.

आणि अशा मला आणून ठेवलं कुठे, तर चामडं घासायच्या यंत्राच्या शेजारी! दिवसभर तांबडी पूड उडायची आणि कॉम्प्युटरच्या पेटीच्या जाळीतून आत शिरायची. पलीकडे शिलाईचं मोठं मशीन. ते चालू झालं की टेबल थरथरायचं, टेबलाबरोबर मीही थरथरायचे.

दुकान मास्तरांचं. शाळेतले मास्तर नव्हेत, बुटांचे. ज्यांना दुकानातले तयार बूट होत नाहीत अशी माणसं त्यांच्याकडे यायची. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं गेलेली, कुणाचा पाय सुजून दुप्पट झालेला. मास्तर बुटक्या स्टुलावर बसायचे, समोरच्याचा पाय मांडीवर घ्यायचे, कागदावर त्याची रेघ काढायचे, मग बोटांनी दाबून दाबून विचारायचे, "इथे चावतं का?" त्यावरून प्रत्येकाच्या पायाचा लाकडी साचा बनायचा. त्याला ते फर्मा म्हणत. फर्म्यावर चामडं ताणायचं आणि बूट शिवायचा. भिंतभर फळ्यांवर शेकडो फर्मे मांडलेले होते, आणि खाली मास्तरांच्या वह्या.

मला विकत आणलं ते त्यांच्या थोरल्या मुलाने. त्याला घरात दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मानाने म्हणते असं समजू नका. शिवणकामात त्याचा हात बापासारखा, हे मान्य करावंच लागेल. पण त्याने एकदा शेजाऱ्याचा प्रिंटर चालू करून दिला होता, आणि तेव्हापासून स्वारी स्वतःला कॉम्प्युटरमधली जाणकार समजू लागली. प्रिंटरची वायर निघालेली होती, एवढंच.

मास्तर बासष्टाव्या वर्षी टायपिंग शिकले, एका बोटाने. माझ्यात त्यांनी 'पाय' नावाचा एक फोल्डर उघडला. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक घर. पायाच्या रेघेचं चित्र, फोटो, आणि टिपणं. सहाशे बारा माणसांचे पाय मी पोटात वागवत होते. एखादं जुनं गिऱ्हाईक आलं की मी क्षणात त्याचा पाय समोर ठेवायचे, आणि मास्तर पेटीवर थाप मारून सांगायचे, "हिच्यात सगळं आहे." ती थाप मला आवडायची. खोटं कशाला बोलू?

मग एके दिवशी दादाला जागा हवी झाली. फळ्यांवरचे फर्मे त्याने पोत्यांत भरले आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला भट्टीत घालायला देऊन टाकले. वह्या रद्दीत गेल्या. मास्तर दोन दिवस घुटमळत होते. दादा म्हणाला, "बाबा, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. ही लाकडं कशाला सांभाळायची?" ते ऐकून मी फुगले, हेही कबूल करते. एकटीच्या गळ्यात सगळा भार पडला आहे आणि आपण कधी ना कधी मरणार आहोत, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

आता भार टाकलात, तर निदान जपा! पण नाही. पेटीवर चामडं चिकटवायच्या सोल्युशनचा डबा ठेवला गेला, तो सांडला, तिथेच वाळला. कॉम्प्युटर अडकला की दादा पेटीला बुटाच्या टोकाने ढोसायचा. संध्याकाळी घाई असली की सरळ भिंतीवरचं बटण बंद. मी लिहिता लिहिता अर्ध्यावर थांबायचे. मी तक्रार केली नाही असं नाही. फाइल उघडायला वेळ लावला, मधूनच 'खट्' असा आवाज काढला. दादा म्हणायचा, "जुनं झालंय, चालायचंच." वर्षभर मी खटखटत होते आणि वर्षभर याचं 'चालायचंच' चालू.

मास्तरांनी मात्र आपल्याकडून एक काळजी घेतली होती, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो. दर शनिवारी काम आटोपलं की ते साबणाने हात धुवायचे, चष्म्याच्या डबीतून एक पेन ड्राइव्ह काढायचे, लावायचे, पडद्यावरचं 'पाय' नावाचं चित्र माउसने ओढून त्यात टाकायचे. डबी टक् करून मिटली की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. चार वर्षं. एकही शनिवार चुकला नाही, तापात सुद्धा.

मित्रांनो, ते चित्र म्हणजे फोल्डर नव्हता. बाबांना सापडावं म्हणून दादाने पडद्यावर करून ठेवलेला तो नुसता रस्ता होता, कोपऱ्यात छोटासा बाण असलेला. 'पाय तिकडे आहेत' एवढंच सांगणारा बाण. मास्तर दर शनिवारी तो बाण उचलून न्यायचे आणि सहाशे बारा पाय माझ्याच पोटात राहायचे. काम क्षणात व्हायचं, तर मास्तर कौतुक करायचे, किती झटपट होतं बघ. दादा मागे उभा राहून मान डोलवायचा. एकदा, फक्त एकदा त्याने तो पेन ड्राइव्ह उघडून बघितला असता! मला सगळं दिसत होतं आणि मला तोंड नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दरम्यान मास्तरांचे हात कापायला लागले. पेन्सिल धरली की रेघ नागमोडी व्हायची. माप घेणं बंद झालं. दादा नव्या गिऱ्हाइकांना परत पाठवायचा आणि जुन्यांचे बूट माझ्यातली चित्रं बघून शिवायचा. कुणाचा पाय मांडीवर घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. पडद्यावर सगळं असताना घाम आलेले पाय कशाला हाताळायचे, असं त्याचं म्हणणं.

अशात टपालवाली आली. ही बाई बारा वर्षं दारोदार पत्रं पोचवते आहे. आठ वर्षांपूर्वी एक लोखंडी फाटक तिच्या उजव्या पायावर पडलं आणि टाच चेपली. मास्तरांनी तिच्यासाठी तीन वर्षांत अकरा वेळा बूट बदलून बघितले होते. अकराव्या खेपेला ती दुकानात चालली आणि दोन्ही पावलांचा आवाज सारखा आला. तो आकार नुसता पाय मोजून मिळण्यातला नव्हता. तीन वर्षांच्या चुका पुसून तो हाती लागला होता. आता ते बूट पार कामातून गेले होते. टाच बसली होती, तळ एका बाजूला कलला होता. त्यावरून माप घेण्यात अर्थ नव्हता.

तिने सांगितलं, तेरा दिवसांनी कार्यालयात तपासणी आहे. साहेबांसमोर पिशवी घेऊन चालून दाखवायचं. लंगडली तर आतल्या खोलीत बसवतील.

"मी पत्रं लावायची आणि दुसऱ्याने ती पोचवायची," ती म्हणाली. "मला नाही ते जमायचं, मास्तर."

मास्तरांनी हसून माझ्याकडे बोट दाखवलं. हिच्यात सगळं आहे म्हणाले, निर्धास्त जा. ती गेली, दादाने फोल्डर उघडला, आणि त्याच घटकेला माझा आतला हात अडखळला. खट्. खट्. पडदा निळा झाला.

आता दादाचे पराक्रम ऐका. पहिल्यांदा त्याने मला बंद-चालू केलं, एकवीस वेळा. धाप लागलेल्या माणसाला जिना चढायला-उतरायला लावावं, तसं. मग डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्रॅम लावला. दुरुस्त कसला करतो! जिथे मला वाचता येत नव्हतं तिथे तो पुन्हा पुन्हा घासायला लावायचा, वर स्वतःचं काहीबाही लिहायचा. अकरा तास हे चाललं. त्यानंतर कुणीतरी व्हिडिओत सांगितलं म्हणून या उंटावरच्या शहाण्याने मला पेटीतून उपसून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं आणि घरच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. मटारच्या पुडक्याशेजारी! जिला धुळीचा कण सोसत नाही तिला बर्फात! बाहेर काढलं तेव्हा माझ्या अंगावर दव आलं होतं. तशीच लावली असती तर तिथेच संपले असते. पण त्याच्या मनात त्याहून मोठं काम होतं. त्याला मला उघडून आत फुंकर मारायची होती.

मला वाचवलं ते माझ्या स्क्रूंनी. ताऱ्याच्या आकाराचा पेचकस त्याच्याकडे नव्हता. तो पक्कड शोधत होता, तेवढ्यात धाकटी आली.

धाकटी म्हणजे मास्तरांची लेक, दादाची बहीण. ती एका ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करते. पानं सुटलेली, वाळवीने खाल्लेली, भिजलेली. सुटीच्या दिवशी वडिलांना भेटायला येते. तिने दादाच्या हातातली पक्कड बघितली, मला बघितलं, आणि मला उचलून कोरड्या फडक्यावर ठेवलं. दिवसभर लावायचं नाही, म्हणाली. मग विचारलं, बॅकअप आहे ना?

मास्तर थाटात उठले. चष्म्याची डबी उघडून पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला. चार वर्षांचा आहे, सावकाश बघ, म्हणाले. धाकटीने तो आपल्या लॅपटॉपला लावला. आत एकच चित्र होतं, कोपऱ्यात बाण असलेलं. तिने ते उघडलं, तर पडद्यावर आलं, 'ही जागा सापडत नाही.'

"बाबा," दादा ओरडला, "चार वर्षं तुम्ही कॉपी तरी काय करत होतात?"

मास्तरांनी डबी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. हात आधीच कापत होते, त्यामुळे ती नीट लागत नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तळपाय नसताना. ज्याने बाण करून दिला, ज्याने फर्मे जाळायला दिले, तोच बापाला जाब विचारतो आहे!

धाकटीने आवाज चढवला नाही. "तो बाण त्यांना कुणी करून दिला, दादा?" एवढंच तिने विचारलं. दादा स्टुलावर बसला आणि खाली बघत म्हणाला, "मीच."

धाकटीने ग्रंथालयातल्या कॉम्प्युटर विभागाच्या बाईंना फोन लावला. त्यांनी आधी दुरुस्तीच्या प्रोग्रॅमबद्दल दादाला चांगलंच फैलावर घेतलं. मग सांगितलं, प्रयोगशाळेत पाठवणं सगळ्यात बरं, पण तिथे महिना लागतो. घरी करायचं तर एकच संधी आहे असं धरून करा. हिच्यावर काही लिहायचं नाही, हिच्यातल्या फाइली उघडायच्या नाहीत. नवी मोठी डिस्क आणा आणि हिची जशीच्या तशी नक्कल घ्या. त्याचा प्रोग्रॅम वेगळा असतो. तो आधी चांगला भाग उचलतो, खराब जागा सोडून पुढे जातो, त्यांच्याकडे शेवटी वळतो. खटखट सारखी व्हायला लागली तर मात्र लगेच बंद करा, मग प्रयोगशाळाच.

"आम्ही जळक्या पुस्तकाचं हेच करतो," धाकटी म्हणाली. सुटणारं पान आधी कोण ओढतं? शाबूत पानं आधी उतरवून घ्यायची, तुकडे पडणारं पान सर्वांत शेवटी, एकदाच. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझं दुखणं समजलं होतं.

तिने मला टेबलावर सपाट ठेवलं, खाली तळव्याच्या रबराचा तुकडा, शेजारी छोटा पंखा. नवी वायर आणली. आणि दादाला सांगितलं, हे संपेपर्यंत शिलाईचं मशीन बंद. घासायचं यंत्रही बंद. दादा तोंड वाकडं करून हाताने शिवत बसला. अख्ख्या आयुष्यात मला इतकी शांतता मिळाली नव्हती, आणि मिळाली तीही मरायच्या वेळी!

पहिल्या दिवशी मी चांगली पानं दिली. भराभर दिली. दुसऱ्या दिवशी वाईट जागा आल्या. एकेका ठिकाणी हात थांबायचा, घसरायचा, पुन्हा तिथेच यायचा. खट् झालं की तिघेही माना वर करून माझ्याकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी प्रोग्रॅमने मला उलट्या दिशेने वाचायला लावलं, आणि पुढून न येणाऱ्या किती तरी ओळी मागून आल्या. मी कुणावर उपकार म्हणून हे केलं नाही. तो 'उत्तम' शेरा माझा होता, तो दादाच्या चुकांपायी घालवायला मी तयार नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी माझा हात थांबला तो कायमचाच. धाकटीने वायर काढली आणि मला फडक्यात गुंडाळलं.

सहाशे बारांपैकी सहाशे नऊ पाय धडधाकट उतरले होते. न उतरलेल्या तिघांतली दोन माणसं हयातच नव्हती. उरलेला एक पाय टपालवालीचा.

तिची टिपणं आली, फोटो आले. उजव्या पायाच्या रेघेचं चित्र उघडलं, तर बोटं दिसली, चवडा दिसला, आणि मध्यापासून खाली सगळं करडं. टाच नव्हतीच. टिपणात मास्तरांनी एका बोटाने टाइप केलेलं वाक्य होतं, 'टाचेचा उतार व कोनाडा चित्रात दाखवल्याप्रमाणे.' ते वाक्य दादाने वाचलं आणि कपाळाला हात लावला. तपासणीला आठ दिवस होते.

मास्तर म्हणाले, तिला बोलवा.

टपालवाली आली. मास्तरांनी दादाला बुटक्या स्टुलाकडे बोट दाखवलं. दादा उभाच राहिला. त्याने पट्टी आणतो म्हटलं, फोटो काढतो म्हटलं.

"बस," मास्तर म्हणाले. "पाय मांडीवर घे."

दादा बसला. टपालवालीने संकोचून मोजा काढला. सकाळपासून चाललेला पाय, त्याला घाम होता. दादाने तो मांडीवर घेतला. मास्तर शेजारी वाकले आणि आपला कापणारा हात मुलाच्या हातावर ठेवला. अकरा बुटांत काय काय चुकलं होतं ते त्यांना एकेक आठवत होतं. दुसऱ्या बुटात आतली कड कापायची, पाचव्यात टाच मागे घसरायची, आठव्यात रक्त आलं होतं. ते सांगत गेले, मुलाचा अंगठा सरकवत गेले. इथे जोर नको. इथे जागा सोड. पेन्सिल दादाच्या हातात होती, रेघ सरळ येत होती.

"इथे चावतं का?" दादाने विचारलं. असं त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"थोडं वर," ती म्हणाली.

तो वर सरकला. तीन तास ते तिघं त्या टाचेशी बसले होते. मी खणात पडल्या पडल्या ऐकत होते, आणि मित्रांनो, त्याच्यावरचा राग थोडा कमी होतो की काय, अशी मला भीती वाटली. पण पोत्यांत भरलेले फर्मे आठवले आणि तो पुन्हा जागेवर आला.

दादाने लाकडाचा नवा फर्मा कोरला. दोनदा बूट उसवला, तिसऱ्यांदा शिवला. तपासणीच्या आदल्या दिवशी टपालवाली भरलेली पिशवी खांद्यावर घेऊन दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मी नुसती पावलं ऐकत होते. एक. दोन. एक. दोन. दोन्ही सारखी. ती परत फिरली, पुन्हा चालली, आणि मग दार ढकलून तशीच रस्त्यावर गेली. ती अजून पत्रं पोचवते. दुकानाची पत्रंही तीच टाकते.

तो फर्मा आता भिंतीवरच्या रिकाम्या फळीवर उभा आहे. एकटा. बाकीचे सहाशे अकरा कधी परत येणार नाहीत, आणि त्याबद्दल मी दादाला माफ केलेलं नाही. मला विचारूही नका.

आता तुम्हाला सांगते. आमच्यावर प्रेम करा असं मी म्हणत नाही, त्या थापांना मी एकदा भुलले आहे. आम्हाला लाथ मारू नका, धुळीत ठेवू नका, आणि आम्ही खटखटलो तर 'चालायचंच' म्हणू नका. आम्ही मरतो. सगळ्याच मरतो. म्हणून जे गमावून चालणार नाही ते दोन ठिकाणी ठेवा, आणि ठेवलं म्हणून झोपू नका, ते उघडून बघा.

दर शनिवारी हात धुऊन दादा पेन ड्राइव्ह लावतो. आता वीस मिनिटं लागतात. संपलं की तो उठायला लागतो, आणि मास्तर कापणारं बोट वर करून त्याला थांबवतात.

"उघड."

"उघडलं, बाबा."

"टाच दिसते?"

दादा पडद्याकडे वाकतो, नीट बघतो.

"दिसते."

मगच चष्म्याची डबी मिटते.